मॅकडेव्हिडने पगारवाढ का घेतली नाही? एनएचएलमधील करार आणि सॅलरी कॅपविषयी प्रश्न

एडमंटनवासी (प्रश्न)

नमस्कार. नोकरीनिमित्त कॅनडातील एडमंटनला आल्यापासून आमच्या घरी क्रिकेटइतक्याच आवडीने आइस हॉकी पाहिली जाते. साहजिकच इथल्या ऑयलर्स संघाचा कर्णधार कॉनर मॅकडेव्हिड याने ६ ऑक्टोबर २०२५ रोजी केलेल्या कराराची चर्चा कार्यालयात आणि घरी दोन्हीकडे चालू आहे. आजच्या घडीला जगातील सर्वोत्तम मानल्या जाणाऱ्या या खेळाडूने केवळ दोन वर्षांची मुदतवाढ स्वीकारली, आणि तीही वर्षाला १ कोटी २५ लाख डॉलरच्या सरासरीने, म्हणजे २०१७ मध्ये ठरलेल्या जुन्याच रकमेवर. त्यापूर्वी सहाच दिवस मिनेसोटा वाइल्डच्या किरिल काप्रिझोव्हने आठ वर्षांसाठी १३ कोटी ६० लाख डॉलरचा, म्हणजे वर्षाला सरासरी १ कोटी ७० लाखांचा करार केला. एनएचएलच्या, म्हणजे नॅशनल हॉकी लीगच्या, इतिहासात एवढा मोठा करार यापूर्वी झालेला नव्हता. खुद्द ऑयलर्समध्येच लिऑन ड्रायसायटल याला वर्षाला १ कोटी ४० लाख मिळतात, म्हणजे कर्णधाराचा पगार त्याच्या सहकाऱ्यापेक्षा कमी आहे.

मला समजून घ्यायचे आहे ते असे. नियमांनुसार मॅकडेव्हिडला याहून अधिक मागता आले असते का, आणि आले असते तर किती? त्याने जे पैसे सोडले ते शेवटी संघमालकाच्या खिशात गेले का? आणि आठ वर्षांची निश्चिंती समोर असताना, दुखापतीचा धोका पदोपदी असलेल्या या खेळात, त्याने दोनच वर्षे का निवडली? वर्तमानपत्रांतून ‘मनाचा मोठेपणा’ या शब्दांपलीकडे फारसे काही वाचायला मिळाले नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

निळी_रेषा (प्रतिसाद)

आपल्या पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर एकत्रच द्यावे लागेल, आणि त्यासाठी थोडे मागे जाणे आवश्यक आहे.

२००४-०५ या हंगामात मालकांनी टाळेबंदी जाहीर केली आणि फेब्रुवारी २००५ मध्ये संपूर्ण हंगामच रद्द झाला. उत्तर अमेरिकेतील मोठ्या व्यावसायिक लीगपैकी कामगार-मालक वादापायी अख्खा हंगाम गमावणारी एनएचएल ही पहिली. त्या वादातून मालक आणि खेळाडू यांच्यात जो सामूहिक करार झाला त्यात खेळाडूंनी आपल्या चालू करारांवर २४ टक्के कपात सोसली आणि सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगारखर्चावरील मर्यादा, मान्य केली. २००५-०६ साठी ही मर्यादा प्रत्येक संघाला ३ कोटी ९० लाख डॉलर इतकी होती. २०२५-२६ मध्ये ती ९ कोटी ५५ लाख आहे. ही ‘कठोर’ मर्यादा आहे. बास्केटबॉलप्रमाणे जास्तीचा कर भरून ती ओलांडण्याची सोय येथे नाही. मोजणी करताना त्या वर्षी हातात पडणारा पगार धरला जात नाही, तर करारातील एकूण रकमेला वर्षांनी भागून येणारी सरासरी धरली जाते आणि तिलाच सर्वजण कॅप हिट म्हणतात.

एका खेळाडूला कॅपच्या वीस टक्क्यांहून अधिक पगार देता येत नाही. २०२५-२६ च्या मर्यादेवरून हिशेब केला तर हा आकडा १ कोटी ९१ लाख डॉलर येतो. म्हणजे मॅकडेव्हिडने वर्षाकाठी सुमारे ६६ लाख डॉलर टेबलावर ठेवून दिले. ऑयलर्सनी ते नाकारले असते असे मला मुळीच वाटत नाही.

आता ही रक्कम संघाच्या दृष्टीने काय आहे ते पाहा. नवा करार २०२६-२७ पासून सुरू होतो आणि त्या हंगामासाठी जानेवारी २०२५ मध्येच १० कोटी ४० लाखांची मर्यादा जाहीर झाली होती. ड्रायसायटलचे १ कोटी ४० लाख, बचावपटू एव्हन बुशार्डचे १ कोटी ५ लाख आणि मॅकडेव्हिडचे १ कोटी २५ लाख मिळून ३ कोटी ७० लाख होतात. उरलेल्या ६ कोटी ७० लाखांत जवळजवळ वीस खेळाडू बसवायचे आहेत. कर्णधाराने कमाल रक्कम घेतली असती तर हाच आकडा ६ कोटींच्या आसपास आला असता. ६६ लाखांत एक चांगला गोलरक्षक किंवा दुसऱ्या फळीतील आघाडीपटू येऊ शकतो. २०२४ आणि २०२५ अशा लागोपाठ दोन अंतिम मालिकांमध्ये फ्लोरिडा पँथर्सकडून स्टॅन्ली चषक, म्हणजे लीगचे विजेतेपद, गमावलेल्या खेळाडूला या फरकाचे मोल कुणी सांगण्याची गरज नाही. कॅपच्या व्यवस्थेत वाटाघाटी वरकरणी एजंट आणि व्यवस्थापक यांच्यात होतात, पण पंगतीत एकाने जास्त वाढून घेतले की शेजारच्या पानात कमी पडणार, हे टेबलाच्या दोन्ही बाजूंना ठाऊक असते.

पण केवळ त्यागाची गोष्ट म्हणून याकडे पाहणे मला पटत नाही, आणि इथे आपला तिसरा प्रश्न येतो. मॅकडेव्हिडचा जुना करार २०१८-१९ मध्ये लागू झाला तेव्हा कॅप ७ कोटी ९५ लाख होती. त्यात १ कोटी २५ लाख म्हणजे जवळजवळ १६ टक्के. त्यानंतर करोनामुळे उत्पन्न बुडाले आणि २०१९-२० पासून सलग तीन हंगाम कॅप ८ कोटी १५ लाखांवर गोठून राहिली. पुढेही खेळाडूंनी मालकांना द्यायचे देणे फिटेपर्यंत ती अगदी थोडी थोडी वाढली. आता ती झपाट्याने वर जात आहे आणि २०२७-२८ साठी ११ कोटी ३५ लाखांचा आकडा जाहीर झालेला आहे. अशा चढत्या बाजारात आठ वर्षांसाठी एकच रक्कम बांधून घेणे म्हणजे पुढची वाढ आजच विकून टाकणे. २०२८ च्या उन्हाळ्यात तो ३१ वर्षांचा असेल, कोणत्याही संघाशी बोलायला मोकळा असेल आणि त्या वेळची कमाल रक्कम आजच्यापेक्षा बरीच मोठी असेल. दरम्यान ऑयलर्सच्या व्यवस्थापनापुढे स्पष्ट मुदत उभी राहिली आहे. या दोन हंगामांत चषक जिंकण्याजोगा संघ उभा केला नाही, तर कर्णधार निघून जाऊ शकतो. पैसे सोडून त्याने त्या बदल्यात वेळ आणि दबाव मिळवला आहे, असे माझे मत आहे.

लेखापाल (प्रतिसाद)

निळी_रेषा यांचे विवेचन उत्तम आहे. पैसे कोणाच्या खिशात गेले, या दुसऱ्या प्रश्नाविषयी मी लिहितो, कारण या व्यवस्थेचा सर्वांत कमी समजला गेलेला भाग हाच आहे.

२०१२-१३ मध्ये पुन्हा टाळेबंदी झाली आणि तिच्या अखेरीस हॉकीपासूनचे उत्पन्न मालक आणि खेळाडू यांनी निम्मे-निम्मे वाटून घ्यायचे ठरले. त्याआधी खेळाडूंचा वाटा ५७ टक्क्यांपर्यंत गेलेला होता. खेळाडूंच्या वाट्याला ढोबळमानाने ३२ संघांनी भागले की मधला आकडा मिळतो. त्याच्या १५ टक्के वर कमाल मर्यादा आणि १५ टक्के खाली किमान मर्यादा असते. २०२५-२६ मध्ये ही किमान मर्यादा ७ कोटी ६ लाख आहे, आणि तिच्याखाली जाण्याची मुभा कंजूष मालकालाही नाही.

सर्व संघांनी मिळून दिलेले पगार पन्नास टक्क्यांच्या वर गेले तर काय होते? यासाठी प्रत्येक खेळाडूच्या पगारातून काही हिस्सा कापून वेगळ्या खात्यात ठेवला जातो. त्याला एस्क्रो म्हणतात. हंगाम संपल्यावर हिशेब होतो. खेळाडूंना वाट्यापेक्षा जास्त गेले असेल तर त्या खात्यातून मालकांना परत जाते आणि कमी गेले असेल तर मालकांना भरपाई द्यावी लागते. म्हणून करारावर लिहिलेली रक्कम आणि खेळाडूच्या पदरात पडणारी रक्कम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

याचा अर्थ असा की मॅकडेव्हिडने सोडलेले ६६ लाख डॉलर सर्व मालकांचा मिळून विचार केला तर त्यांच्याकडे राहत नाहीत. ऑयलर्सनी ते दुसऱ्या खेळाडूला दिले तर थेट त्याला मिळाले, आणि कुणालाच दिले नाहीत तरी लीगभरातील एकूण पगार तेवढे कमी झाल्याने एस्क्रोच्या हिशेबात ते इतर खेळाडूंच्या बाजूने वळतात. मालकाचा फायदा वेगळ्या वाटेने होतो. संघ जिंकला, बाद फेरीत घरचे सामने वाढले, तिकिटे विकली गेली, तर त्याचे उत्पन्न वाढते.

तरीही कर्णधाराने कमी घेणे हा सद्गुण ठरावा, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. प्रत्येक वाटाघाटीत एजंट आणि व्यवस्थापक दोघेही आधीच्या करारांचे दाखले मांडतात; न्यायालयात जुने निवाडे मांडावेत तसेच ते काम चालते. सर्वोत्तम खेळाडू १ कोटी २५ लाखांवर खेळतो म्हटल्यावर पुढच्या प्रत्येक ताऱ्याला ‘तू त्याच्यापेक्षा मोठा आहेस का’ असे विचारले जाणार. पिट्सबर्गच्या सिडनी क्रॉस्बीने २००८ पासून ८७ लाखांची सरासरी कायम ठेवली आणि २०२४ मध्ये दोन वर्षांची मुदतवाढही त्याच आकड्यावर घेतली. त्याच्या संघाला त्याचा लाभ झाला, पण त्याच्या पिढीतील इतर आघाडीपटूंच्या पगारांवर त्याची सावली राहिली, असे मला वाटते.

काप्रिझोव्हच्या विक्रमाकडेही टक्केवारीतून पाहावे. १ कोटी ७० लाख हे २०२६-२७ च्या कॅपच्या सुमारे १६.३ टक्के आहेत. अलेक्झांडर ओवेच्किनचा १३ वर्षांचा करार २००८-०९ मध्ये सुरू झाला तेव्हा त्याची ९५ लाख ३८ हजारांची सरासरी त्या वेळच्या ५ कोटी ६७ लाखांच्या कॅपच्या १६.८ टक्के होती. डॉलरमधील विक्रम मोडला गेला, हिश्श्यातील नाही. वाटाघाटींच्या खोलीत लोक टक्केवारीच बोलतात.

एडमंटनवासी

दोघांचेही मनापासून आभार. एस्क्रोचा भाग माझ्यासाठी पूर्णपणे नवा होता. आणखी एक शंका आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये सेंट लुईस ब्लूजने आमच्या फिलिप ब्रोबर्ग आणि डिलन हॉलोवे या दोन तरुण खेळाडूंना पळवले आणि ऑयलर्स काहीच करू शकले नाहीत. हे दोघे तर ऑयलर्सच्या हक्काचे खेळाडू होते; मग हे कसे घडले?

वैनतेय (प्रतिसाद)

मोठ्या ताऱ्यांच्या करारांपेक्षा हा विषय मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण तरुण खेळाडूची बाजू किती कमकुवत असते ते येथेच दिसते.

ड्राफ्टमधून, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडप्रक्रियेतून, आलेल्या खेळाडूचा पहिला करार ठरलेल्या मुदतीचा आणि ठरलेल्या कमाल पगाराचा असतो. अठराव्या वर्षी सही करणाऱ्यासाठी ही मुदत तीन वर्षांची आहे. तो संपला तरी खेळाडू मोकळा होत नाही. साधारणपणे वयाची २७ वर्षे किंवा एनएचएलचे सात हंगाम पूर्ण होईपर्यंत त्याच्यावर मूळ संघाचा हक्क राहतो. अशा खेळाडूला ‘मर्यादित मुक्त’ म्हणता येईल. त्याच्या हातात फार थोडी शस्त्रे असतात. पुरेसा अनुभव असेल तर तो लवादाकडे जाऊ शकतो, नाही तर सही न करता घरी बसू शकतो. पण १ डिसेंबरपर्यंत करार झाला नाही तर त्याला तो पूर्ण हंगाम खेळता येत नाही. टोरोंटोच्या विल्यम नीलँडरने २०१८ मध्ये हीच वाट धरली आणि अखेरच्या दिवशी मुदत संपायला काही मिनिटे उरली असताना सहा वर्षांचा करार केला. त्या दोन महिन्यांत टोरोंटोच्या प्रेक्षकांनी त्याला जे ऐकवले ते आठवून आजही वाईट वाटते. बावीस वर्षांचा मुलगा नियमांनी दिलेला एकमेव अधिकार वापरत होता.

तिसरे शस्त्र म्हणजे ऑफर शीट. दुसरा संघ अशा खेळाडूपुढे कराराचा प्रस्ताव ठेवतो, खेळाडू सही करतो आणि मूळ संघाला सात दिवस मिळतात. त्या मुदतीत तीच रक्कम मान्य केली तर खेळाडू राहतो. नाही केली तर तो जातो आणि बदल्यात ड्राफ्टमधील निवडी मिळतात. किती निवडी, ते रकमेच्या टप्प्यांवर अवलंबून असते. सेंट लुईसने ब्रोबर्गला सुमारे ४५ लाख ८० हजार आणि हॉलोवेला सुमारे २२ लाख ९० हजार डॉलरची सरासरी देऊ केली. हे दोन्ही आकडे त्या वर्षीच्या टप्प्यांच्या अगदी वरच्या टोकावर बेतलेले होते, म्हणजे भरपाई वाढू न देता जास्तीत जास्त रक्कम. ऑयलर्स तेव्हा आधीच मर्यादेला टेकलेले होते. दोघांना ठेवायचे तर दुसऱ्या कुणाला तरी घाईने सोडावे लागले असते. त्यांनी नकार दिला आणि ब्रोबर्गसाठी दुसऱ्या फेरीतील व हॉलोवेसाठी तिसऱ्या फेरीतील निवड घेतली. हे घडले तेव्हा स्टॅन्ली चषकाचा सातवा सामना हरून दोन महिनेही झाले नव्हते. आपल्याच घडवलेल्या खेळाडूंचा चांगला खेळ मर्यादेच्या काठावरील संघाला असा महागात पडतो.

ही पद्धत इतकी क्वचित का वापरली जाते, असाही प्रश्न पडेल. व्यवस्थापकांना एकमेकांशी वैर नको असते, हे एक कारण. दुसरे असे की मोठ्या खेळाडूंच्या बाबतीत मूळ संघ बहुधा रक्कम मान्य करतोच. फिलाडेल्फियाने २०१२ मध्ये नॅशव्हिलच्या शे वेबरला १४ वर्षांसाठी ११ कोटींचा प्रस्ताव दिला आणि नॅशव्हिलने तो मान्य केला. मॉन्ट्रियलने २०१९ मध्ये कॅरोलायनाच्या सेबास्टियन आहोसाठी प्रयत्न केला, त्याचेही तेच झाले.

निळी_रेषा (प्रतिसाद)

वेबरचे नाव निघालेच आहे तर त्या काळातील लांबलचक करारांविषयी लिहितो, कारण आजच्या नियमांचा बराचसा भाग त्या पळवाटा बुजवण्यासाठी आला आहे.

न्यू जर्सी डेव्हिल्सने २०१० मध्ये इल्या कोवालचुकशी १७ वर्षांचा, १० कोटी २० लाख डॉलरचा करार केला. त्यातील ९ कोटी ८५ लाख पहिल्या अकरा वर्षांतच मिळणार होते आणि शेवटची पाच वर्षे दरसाल केवळ साडेपाच लाख. करार संपताना तो ४४ वर्षांचा झाला असता. तोवर तो खेळेल असे कुणालाच वाटत नव्हते. ती वर्षे फक्त सरासरी ६० लाखांवर आणण्यासाठी जोडलेली होती. लीगने करार फेटाळला, लवादानेही लीगची बाजू उचलून धरली, आणि मग १५ वर्षांचा, १० कोटींचा सुधारित करार मंजूर झाला. डेव्हिल्सना दंड झाला आणि ड्राफ्टमधील निवडींवरही पाणी सोडावे लागले. त्या शिक्षेत पुढे लीगने सूट दिली. कोवालचुक २०१३ मध्येच एनएचएल सोडून रशियाला परतला, तरीही त्याच्या नावावर डेव्हिल्सच्या कॅपमधून दरवर्षी अडीच लाख डॉलर २०२४-२५ पर्यंत वजा होत राहिले.

म्हणूनच २०१३ च्या करारात स्वतःच्या खेळाडूसाठी आठ आणि बाहेरच्यासाठी सात वर्षांची कमाल मुदत आली आणि एका वर्षातून दुसऱ्या वर्षात पगार किती चढउतार करू शकतो यावरही बंधन आले. सप्टेंबर २०२६ पासूनच्या सामूहिक करारात ही मुदत अनुक्रमे सात आणि सहा वर्षांवर येत आहे. मॅकडेव्हिडने आठ वर्षांची संधी सोडली ती म्हणूनच मला धाडसाची वाटते. २०२८ मध्ये एडमंटनला राहायचे ठरवले तरी त्याला सातच मिळतील.

दुसरी पळवाट दीर्घ मुदतीच्या दुखापतींची. जखमी खेळाडूच्या कॅप हिटइतकी सवलत संघाला मिळते आणि बाद फेरीत कॅपच लागू नव्हती. टँपा बे लाइटनिंगचा निकिता कुचेरोव्ह कंबरेच्या सांध्यावरील शस्त्रक्रियेमुळे २०२०-२१ चा संपूर्ण साखळी हंगाम बाहेर होता आणि बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात परतला. टँपाने चषक जिंकला तेव्हा त्यांचा पगारखर्च मर्यादेच्या सुमारे १ कोटी ८० लाखांनी वर होता. नियमभंग झाला नव्हता, दुखापतही खरी होती, पण नियमाचा हेतू पराभूत झाला होता असेच मी म्हणेन. २०२५-२६ पासून बाद फेरीतही कॅप लागू झाली आहे, आणि तेथे त्या त्या सामन्यात प्रत्यक्ष उतरणाऱ्या वीस खेळाडूंचा हिशेब धरला जातो.

पुणेकर_हॉकीप्रेमी

चर्चा वाचताना आपल्याकडील मैदानी हॉकी आठवली. २०२४ मध्ये पुन्हा सुरू झालेल्या हॉकी इंडिया लीगमध्येही पुरुषांच्या प्रत्येक संघाला ४ कोटी रुपयांची मर्यादा होती आणि भारताचा कर्णधार हरमनप्रीत सिंग ७८ लाखांना सूरमा हॉकी क्लबकडे गेला. म्हणजे एकट्याने मर्यादेचा साडेएकोणीस टक्के भाग घेतला. पण आपल्याकडे लिलाव असतो, खेळाडूला संघ निवडता येत नाही आणि तो स्वतःहून पैसे सोडूही शकत नाही. एक विचारतो: एनएचएलमध्ये मर्यादा सर्वांना सारखी असली तरी कर सारखे नसतात ना?

लेखापाल (प्रतिसाद)

नसतात, आणि कॅनडातील संघांची ही रास्त तक्रार आहे. फ्लोरिडा, टँपा बे, डॅलस, नॅशव्हिल, वेगास आणि सिअ‍ॅटल हे सहा संघ ज्या राज्यांत आहेत तेथे पगारावर राज्याचा प्राप्तिकर नाही. टोरोंटो ज्या प्रांतात आहे त्या ओंटारिओत मात्र सर्वोच्च टप्प्यावर केंद्र आणि प्रांत मिळून कर ५३ टक्क्यांच्या वर जातो. कॅप करापूर्वीच्या रकमेवर मोजली जाते, त्यामुळे तेच १ कोटी डॉलर एका शहरात खेळाडूला बरेच अधिक पडतात आणि तेथील व्यवस्थापक कमी आकड्यावर सही मिळवू शकतो. टोरोंटोचा मिच मार्नर २०२५ च्या उन्हाळ्यात आठ वर्षांसाठी वर्षाला १ कोटी २० लाखांवर वेगासला गेला, तेव्हा हा मुद्दा पुन्हा ऐरणीवर आला.

पण त्याला एकमेव कारण मानू नये. परगावी खेळलेल्या सामन्यांच्या कमाईवर अनेक राज्ये आपापला कर घेतात, त्यामुळे फरक दिसतो तेवढा राहत नाही; शिवाय हेच करमुक्त संघ कित्येक वर्षे तळाशी होते आणि तेव्हा ही तक्रार कुणी करत नव्हते. नव्या सामूहिक करारातही करातील तफावतीनुसार कॅप बदलण्याची तरतूद नाही. त्यामुळे मॅकडेव्हिड २०२८ मध्ये बाजारात उतरला, तर एडमंटनच्या अल्बर्टा प्रांतातील कर आणि फ्लोरिडा किंवा टेक्सासमधील कर यांची तुलना त्याच्या एजंटच्या कागदावर असणारच.